नकाशा कुणासाठी लिहिलाय? पैठणी, तालीम आणि संगणकी नक्षी



आजच्या व्याख्यानाचा विषय 'पारंपरिक हस्तकला आणि संगणकी रचना' असा जाहीर झालाय. विषय मोठा आहे, म्हणून सुरुवातीलाच तो थोडा आवरून घेतो. लाकूड, माती, धातू, वेत, सगळीकडे आज संगणक शिरलाय. पण मी मुख्यतः विणकामाबद्दल बोलणार आहे. हात आणि आकडेमोड यांचं नातं तिथे फार जुनं आहे, आणि आपल्याकडे ते पैठणीच्या रूपानं डोळ्यांसमोर आहे.

या विषयावर साधारण दोन वाक्यं ऐकू येतात. पहिलं वाक्य, 'संगणक आला, आता कारागीर संपला.' दुसरं वाक्य हल्ली प्रदर्शनांच्या फलकांवर आणि डिझाइनच्या परिषदांमध्ये फार चालतं, 'विणकर हाच जगातला पहिला प्रोग्रामर.' पहिल्यात रडगाणं आहे, दुसऱ्यात कौतुक आहे. दोन्ही ऐकून माणूस घरी जातो, आणि मागावर बसणाऱ्याच्या दिवसाबद्दल त्याला काहीही नवं कळलेलं नसतं.

मला आज वेगळा प्रश्न विचारायचाय. नक्षी जेव्हा आकड्यांत किंवा खुणांत लिहिली जाते, तेव्हा ती कुणासाठी लिहिलेली असते? वाचणाऱ्या माणसासाठी, की यंत्रासाठी? हात आणि संगणक यांचा कुठलाही मेळ पारखायचा असेल तर आधी हे विचारावं, असं माझं म्हणणं आहे. त्या प्रश्नाच्या आधारानं आज आपण काही जुनी आणि काही नवी कामं तपासून बघू.

पैठणीपासून सुरू करू. आपल्या आया-आज्या पैठणी घेताना पदर उलटा करून बघायच्या. मागची बाजू पुढच्यासारखीच दिसली तर खरी. ही परीक्षा सगळ्यांना माहीत आहे, पण ती चालते का, हे फारसं कुणी सांगत नाही. साध्या कापडात आडवा धागा, म्हणजे बाणा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातो. पैठणीच्या पदरात तसं होत नाही. मोराच्या मानेचा निळा धागा फक्त मानेपुरता जातो आणि परत फिरतो. शेजारून जरीचा धागा येतो, दोघं एकमेकांत अडकतात आणि आपापल्या बाजूला वळतात. प्रत्येक रंगाच्या तुकड्याला स्वतःची छोटी कांडी. एका ओळीत जितके तुकडे, तितक्या कांड्या. धागा मागच्या बाजूनं लोंबकळत पुढच्या ठिकाणी जातच नाही, म्हणून मागची बाजू स्वच्छ.

आता या विणीत विणकर नेमकं काय करतो ते बघा. समोर चौकटींच्या कागदावर काढलेली नक्षी असते, किंवा सरावाची असेल तर डोक्यात असते. तो ताण्याचे उभे धागे मोजतो. इथे चार निळे, पुढे दोन हिरवे, मग जर. ओळ पूर्ण झाली की ठोकतो. पुढच्या ओळीत निळा एका धाग्यानं सरकवायचा की दोन, हे बघतो. कागदावर ते लिहिलेलं असतं, तरी ठरवावं लागतं. रेशीम कधी किंचित जाड येतं, ठोक कधी कमी-जास्त बसतो, आणि कागदावरचा गोल मोर कापडावर लांबट व्हायला लागतो. हे आधी दिसतं ते विणणाऱ्याला, आणि दुरुस्त करतो तोही तोच, पुढच्याच ओळीत. साधा पदर काही आठवड्यांत उतरतो, भरगच्च पदराला कित्येक महिने लागतात. त्या सगळ्या काळात हे वाचणं, मोजणं आणि ठरवणं चालू असतं. याला मी 'वाचणारा हात' म्हणतो. आजच्या बोलण्यात हा शब्द पुन्हा येईल.

पैठणीची एक सख्खी बहीण काश्मीरमध्ये आहे, कानी शाल. धागा पश्मिन्याचा, वीण तिरकस, पण मूळ युक्ती तीच. प्रत्येक रंगाची छोटी लाकडी कांडी, तिलाच तिकडे कानी म्हणतात, आणि रंग बदलला की धाग्यानं शेजाऱ्यात अडकून मागे फिरायचं. काश्मीरनं यात एक विलक्षण गोष्ट केली. नक्षीचं चित्र विणकरासमोर ठेवण्याऐवजी तिथे नक्षी लिपीत लिहिली. त्या लिपीला 'तालीम' म्हणतात. नक्काश चित्र काढतो, तालीम लिहिणारा त्या चित्राचं ओळीओळीनं खुणांमध्ये भाषांतर करतो. किती धागे आणि कोणता रंग, एवढंच त्या खुणा सांगतात. गालिच्याच्या मागावर एक जण तालीम सुरात म्हणतो आणि बाकीचे त्या हुकमावर गाठी मारतात. चित्र कुणाच्याच समोर नसतं. ते हळूहळू विणीतून वर येतं.

तालीम हा कोड आहे, यात शंका नाही. आकडा आहे, खूण आहे, क्रम आहे. पण तो माणसाला उद्देशून लिहिलेला कोड आहे. वाचणारा थबकू शकतो. 'इथे काहीतरी चुकलंय, मागच्या ओळीशी हे जुळत नाही' असं म्हणू शकतो. ज्या कोडच्या वाचकाला आक्षेप घेता येतो तो एका जातीचा कोड, आणि ज्याच्या वाचकाला आक्षेप घेताच येत नाही तो दुसऱ्या जातीचा. दोन्हींना 'प्रोग्राम' असा एकच शब्द वापरला की हा फरक पुसला जातो.

ही दुसरी जात आली जॅकार्डबरोबर. फ्रान्समधल्या लिऑन शहरात १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डनं आपलं यंत्र पुढे आणलं. त्याच्या आधी बुशाँ, फाल्कों, व्होकांसाँ अशा लोकांनी भोकांच्या कागदावर माग चालवायचे प्रयोग केलेच होते. जॅकार्डमध्ये पुठ्ठ्याची कार्डं असतात, एका आडव्या धाग्याला एक कार्ड. भोक असेल तिथला आकडा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. विणकर पायानं यंत्र चालवतो आणि हातानं धोटा फेकतो. कोणते धागे उचलायचे हे तो ठरवत नाही आणि वाचतही नाही. कार्ड थेट मागाशी बोलतं.

इथे जॅकार्डला खलनायक करायचा मोह होतो. तो टाळायला हवा. जॅकार्डच्या आधी नक्षीच्या मागावर एक दुसरा माणूस लागायचा, बहुतेक वेळा पोरच. विणकरानं सांगितलं की तो दोऱ्यांचे जुडगे ओढायचा, दिवसभर. आपल्याकडे बनारसमध्ये नक्शाबंद लोक दोऱ्यांचाच नकाशा बांधून मागावर चढवायचे, आणि त्या दोऱ्या ओढायला मदतनीस असायचा. जॅकार्डनं त्या पोराची सुटका केली. तेव्हा 'जुनं ते सगळं मानवी आणि यंत्र ते सगळं अमानुष' असा हिशोब मी मांडत नाही. कुठलं काम यंत्राला दिलं आणि कुठलं काढून घेतलं, एवढंच बघायचंय. दोऱ्या ओढण्याचे कष्ट गेले हे चांगलं झालं. त्यांच्याबरोबर वाचणंही गेलं.

जॅकार्डच्या मागावर झालेलं एक प्रसिद्ध काम घेऊ. १८३९ मध्ये लिऑनमध्ये खुद्द जॅकार्डचं रेशमी व्यक्तिचित्र विणलं गेलं. त्यासाठी सुमारे २४,००० कार्डं लागली. चार्ल्स बॅबेजनं त्याची एक प्रत मिळवून आपल्या घरी लावली होती, आणि पुढे १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं बॅबेजच्या यंत्राबद्दल लिहिताना जॅकार्डच्या मागाशी त्याची तुलना केली. संगणकाच्या इतिहासात हे चित्र म्हणूनच महत्त्वाचं. पण कलाकृती म्हणून त्याच्याकडे बघितलं तर काय दिसतं? बॅबेजकडे येणाऱ्या लोकांना ते छापील चित्र वाटायचं. हीच त्याची मोठी तारीफ होती. म्हणजे कापड विणलेलं आहे हे कळू नये, यात विणकामाचा विजय मानला गेला. मला हे चित्र थक्क करतं, पण त्यात विणकामाला स्वतःचं असं म्हणायला काही उरलेलं नाही. माग तिथे छापखाना झालाय. आज आपण जेव्हा 'अगदी फोटोसारखं विणलंय!' म्हणून दाद देतो, तेव्हा हीच १८३९ ची फूटपट्टी वापरत असतो.

आता काश्मीर आणि जॅकार्ड यांची गाठ कुठे पडली ते बघा. काश्मिरी शालींना युरोपात प्रचंड मागणी आली. तिकडच्या कारखानदारांनी नकला सुरू केल्या, आणि एकोणिसाव्या शतकात जॅकार्ड हाताशी आल्यावर त्यांचा वेग वाढला. स्कॉटलंडमधलं पेझ्ली हे गाव त्यात इतकं पुढे गेलं, की ज्या आकाराला आपण कोयरी म्हणतो त्याला इंग्रजीत त्या गावाचंच नाव पडलं. पेझ्लीच्या शालीत रंगीत धागे मागच्या बाजूनं लोंबत जायचे. शाल जड होऊ नये म्हणून ते नंतर कातरून टाकायचे. म्हणजे शाल उलटी केली की कळतं. तीच आपल्या आज्यांची परीक्षा! यंत्रमागावरची 'सेमी पैठणी' उलटी करा, तिथेही लोंबते किंवा कातरलेले धागे दिसतील. मागची बाजू दोन्हीकडे एकच गोष्ट सांगते, की नकाशा माणसानं वाचला होता की यंत्रानं.

एवढी तयारी झाल्यावर आता आजच्या कामांकडे येऊ.

पहिलं काम, संगणकावर तयार होणारी तालीम. श्रीनगरला भारतीय गालिचा तंत्रज्ञान संस्था आहे, तिथे संगणकी तालमीवर काम झालं. नक्षी संगणकात घ्यायची, तिच्या चौकटी पाडायच्या, रंग ठरवायचे आणि तालमीच्या खुणा छापून काढायच्या. हातानं ज्याला खूप दिवस लागायचे ते लवकर होतं, चूक विणण्याआधीच सापडते, जुन्या नक्षी जपल्या जातात. मला हे काम महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचं कारण वेगापेक्षा वेगळं आहे. इथे संगणकानं जे लिहिलं ते अजूनही माणसासाठी लिहिलंय. शेवटी कागदावर तालीमच येते आणि वाचणारा हात जागेवर राहतो.

पण या कामात एक माणूस मात्र जागेवर राहत नाही, तो म्हणजे तालीम लिहिणारा. वळणदार वेल चौकटींच्या पायऱ्यांमध्ये बसवताना प्रत्येक वळणावर निर्णय असतो. पायरी इथे पाडायची की एक धागा पुढे? संगणक हा निर्णय सरासरीनं घेतो. एका वळणात ते खटकणार नाही, सगळ्या वेली एकाच सफाईनं वळू लागल्या की खटकेल. उपाय अवघड नाही. संगणकानं पाडलेल्या पायऱ्या तालीम लिहिणाऱ्यासमोर कच्चा खर्डा म्हणून ठेवाव्यात, आणि त्याच्या दुरुस्तीला आणि त्याच्या नावाला त्यात जागा असावी. त्याला बाजूला सारून काम उरकणं सोपं आहे, म्हणूनच ते होतं.

दुसरं काम, डिजिबुनाई. ही आपल्या सरकारी पुढाकारानं तयार झालेली, जॅकार्ड आणि डॉबी मागांसाठी नक्षी करायची मुक्तस्रोत संगणकप्रणाली. महागड्या परदेशी सॉफ्टवेअरच्या तुलनेत ही मोठी सोय आहे. प्रणाली मुक्त असल्यामुळे विणकराच्या घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी स्वतः नक्षी करू शकते, व्यापाऱ्याच्या डिझायनरची वाट बघावी लागत नाही. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. पण एक मर्यादाही नोंदवायला हवी. ही प्रणाली मुळात जॅकार्ड-डॉबीची, म्हणजे यंत्राला उद्देशून लिहिण्याची. पैठणीच्या पदरासारख्या, कांड्यांनी वाचत विणण्याच्या कामाला वेगळं साधन लागेल. एका ओळीत किती कांड्या लागतील, कुठला रंग कुठे अडकवायचा, मोर लांबट होऊ लागला तर पुढच्या ओळी कशा सावरायच्या, हे विणकराला विचारून आणि विणकराला समजेल असं दाखवणारं साधन. सोपं काम आधी झालं, अवघड काम बाकी आहे.

तिसरं काम विणकामाबाहेरचं आहे, पण ते घेतो, कारण याच प्रश्नाला ते वेगळ्या वाटेनं भिडतं. २०१३ च्या सुमारास एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये अमित झोरान यांनी 'फ्रीडी' नावाचं हातात धरायचं कोरण्याचं अवजार केलं. त्याला तयार करायच्या वस्तूचा त्रिमित आराखडा माहीत असतो. तुम्ही मनासारखं कोरत राहा, ते मध्ये पडत नाही. अवजाराचं टोक आराखड्याच्या आत घुसायला लागलं, की ते मंदावतं किंवा मागे सरतं. आणि तरीही तुम्हाला पुढे जायचंच असेल, तर त्याला ओलांडूनही जाता येतं.

या अवजारात एक उमदेपणा आहे. संगणक शिक्षकासारखा खांद्यामागे उभा राहतो आणि चूक होताना तेवढा हात धरतो. नवशिक्याला हे वरदान आहे. तरी माझा एक आक्षेप राहतो. इथे आराखडा आधी पूर्ण झालेला असतो आणि हाताचं स्वातंत्र्य त्याच्या बाहेरच्या भागात असतं, म्हणजे पृष्ठभागावरच्या खुणांमध्ये, पोतामध्ये. मोर लांबट होतोय म्हणून आराखडाच बदलायचा, ही पैठणी विणणाऱ्याची रोजची गोष्ट इथे अपवाद म्हणून येते. ओलांडायची मुभा आहे, पण ओलांडणं म्हणजे नियम मोडणं आहे. मागावर तो नियमाचाच भाग असतो.

आता त्या कौतुकाच्या वाक्याकडे परत येतो, 'विणकर हाच पहिला प्रोग्रामर.' या कौतुकाचा एक इतिहास आहे आणि तो माहीत असायला हवा. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात, नवाहो लोकांच्या प्रदेशात शिपरॉक नावाचं गाव आहे. फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर कंपनीनं तिथे १९६५ पासून १९७५ पर्यंत इलेक्ट्रॉनिक भाग तयार करण्याचा कारखाना चालवला. कामगारांत बहुसंख्य नवाहो स्त्रिया. १९६९ मध्ये कंपनीनं एक माहितीपुस्तिका काढली, त्यात नवाहो गालिचा आणि सर्किट यांची नक्षी सारखी असल्याचं दाखवलं होतं. अर्थ असा, की या बायकांच्या बोटांत हे काम जन्मजात आहे. लीसा नाकामुरा या अभ्यासक बाईंनी २०१४ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. त्यातली मेख बघा. कौशल्य जन्मजात ठरवलं, की ते शिकायला लागलेल्या वर्षांचे पैसे द्यावे लागत नाहीत. आपल्याकडेही 'यांच्या रक्तातच आहे हो कला' असं आपण किती सहज म्हणतो! रक्तात काही नसतं. लहानपणापासून मागाजवळ बसून मोजायला शिकलेलं असतं.

याच तुलनेला एका नवाहो विणकर बाईंच्या कामातून उत्तर मिळतं असं मला वाटतं. १९९४ मध्ये इंटेल कंपनीनं मारिलू शुल्ट्झ यांना पेंटियम चिपची प्रतिकृती विणायला सांगितली. 'चिपची प्रतिकृती' हेच तिचं नाव. २०१७ मध्ये ती डॉक्युमेंटा या प्रदर्शनात लोकांपुढे आली. नवाहो गालिच्याची वीणही आपल्या पदरासारखीच, प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीपुरता जातो आणि वळतो. आता या कामात कोण कुणाला वाचतंय बघा. शिपरॉकच्या पुस्तिकेत कंपनी गालिच्याला वाचत होती आणि आपल्या सोयीचा अर्थ काढत होती. इथे विणकर बाई चिपला वाचतात. तिच्या चौकटी कुठे मोडायच्या, लोकरीत कुठली रेघ टिकेल, कुठली सोडून द्यावी लागेल, हे त्या ठरवतात. आणि तयार झालेली वस्तू चिपसारखी दिसते तरी पहिल्या नजरेत गालिचाच आहे. जॅकार्डच्या त्या रेशमी चित्रानं वीण लपवली होती, हिनं दाखवली. हात आणि संगणक यांच्या भेटीची मी पाहिलेली चर्चा बरीच आहे, पण इतक्या कमी शब्दांत, खरं तर शब्दांशिवाय, ती कुणी केलेली मला आठवत नाही.

आता कुणी म्हणेल, वाचणारा हात टिकला म्हणजे विणकराचं भलं झालं का? नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर मी आणखी एक गोड वाक्य तुमच्या हातात देईन. काश्मिरात तालीम होती, वाचणारे हात होते, आणि शाल विणणारे तरीही करांच्या आणि कारखानदारांच्या ओझ्याखाली पिचलेले होते. २९ एप्रिल १८६५ ला श्रीनगरमध्ये शालविणकरांनी मोर्चा काढला. तो सैन्यानं मोडून काढला, त्यात विणकरांचे जीव गेले. त्यानंतर काही वर्षांनी, १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर युरोपातली मागणी कोसळली, आणि १८७७ च्या सुमारास दुष्काळ आला. कोड माणसासाठी लिहिलेला होता, पण कोडची मालकी माणसाकडे नव्हती. वाचता येणं ही पहिली पायरी. नक्षी कुणाची आणि दाम कुणाला, ही पुढची.

आपली आजची स्थिती काय आहे? २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया. विणकर कुटुंबांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत. कायदा काय म्हणतो? १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा साडीसारखी काही उत्पादनं हातमागासाठी राखून ठेवतो. त्यात हातमागाची व्याख्या अशी, की जो यंत्रमाग नाही तो हातमाग. म्हणजे माग चालवायला शक्ती कुठून येते, एवढंच कायदा विचारतो. नक्षी कोण वाचतं, हे विचारत नाही. येवल्यात आज हातमागावरच जॅकार्ड बसवून काठ विणलेली पैठणीही होते, बाजारात तिला ब्रोकेड पैठणी म्हणतात. ती हातमागाचीच आहे, तिच्यातही मेहनत आहे, ती विणणाऱ्यालाही पोट आहे. पण एका साडीत महिनोन् महिने वाचलं गेलंय आणि दुसरीत यंत्रानं वाचलंय, हा फरक 'हातमागावर विणलेली' या शिक्क्यात कुठेच दिसत नाही. आणि जो फरक दिसत नाही त्याची किंमत गिऱ्हाईक देत नाही. वाचणाऱ्या हाताची मजुरी मग न वाचणाऱ्या मागाच्या भावाशी स्पर्धा करते आणि हरते. येवल्या-पैठणच्या पुढच्या पिढीनं मागावर बसायचं की नाही, हे या हिशोबावर ठरतं. संगणकाला शिव्या देऊन किंवा आरती ओवाळून ते ठरत नाही.

म्हणून यापुढे 'परंपरा आणि तंत्रज्ञान यांचा संगम' असं कुठे वाचलंत, तर तीन गोष्टी विचारा. नकाशा कोण वाचतं? विणताना मध्येच तो बदलायची मुभा कुणाला आहे? आणि काम संपल्यावर नक्षीची फाइल कुणाकडे राहते? तिन्ही उत्तरांत विणकर कुठेच नसेल, तर तिथे संगम नाही. तिथे हाताचा फक्त फोटो वापरलाय.

(यानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन.)

प्रश्न : मग यंत्रमागावरची सेमी पैठणी घेऊच नये का? सगळ्यांना अस्सल परवडत नाही.

उत्तर : जरूर घ्या. यंत्रमागावरच्या कामगारालाही पगार लागतो, आणि हौस ही काही फक्त श्रीमंतांची नाही. माझी अडचण साडीशी नाही, नावाशी आहे. दुकानदारानं तिला तिच्या नावानं विकावं आणि तुम्ही तिच्या नावानं घ्यावी. पदर उलटा करून दाखवा म्हणायला लाजू नका.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात शंभर मोर काढून देते. नक्षी काढणाऱ्यांचं काय होणार?

उत्तर : ती मोराचं चित्र काढते. चित्र आणि नक्षी यांत फरक आहे. नक्षीत प्रत्येक ओळीत किती धागे हे ठरलेलं असतं, आणि ते या ताण्यावर, या रेशमात विणता येईल असं असावं लागतं. त्या शंभर मोरांतून विणण्याजोगा एक निवडायचा आणि त्याच्या पायऱ्या पाडायच्या, हे काम उरतंच. धोका वेगळा आहे. ते काम उरतं, पण 'चित्र तर मशीननं काढलं' म्हणून त्याचे पैसे कापले जातात. शिपरॉकमध्ये कौशल्याला 'जन्मजात' म्हणून पैसे वाचवले, इथे 'आपोआप' म्हणून वाचवतील.

प्रश्न : विणकरांच्या घरातल्या तरुणांनी सॉफ्टवेअर शिकावं असं तुम्ही म्हणाल का?

उत्तर : नक्की शिकावं. आणि मागावर बसणंही सोडू नये, कारण धागा कुठे दगा देतो हे मागावरच कळतं. दोन्ही येणारा माणूस आज फार थोड्या ठिकाणी सापडतो, म्हणून त्याला घासाघीस करता येते. एक व्यवहाराची गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळावी. व्यापाऱ्याला साडी द्या, नक्षीची फाइल देऊ नका. फाइल हवी असेल तर तिचे वेगळे पैसे आणि लेखी कागद. साडी एकदाच विकली जाते. फाइल गेली की दुसऱ्या कुणाच्या तरी मागावर ती वर्षानुवर्षं विणली जाते, आणि ती कुणी केली होती हे विचारायलाही कुणी येत नाही.